प्रतिसाद: विरंगुळा केंद्रातल्या नैराश्य-सर्वेक्षणाबद्दल

नवी मुंबईतल्या नेरूळ-वाशीच्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांत जीडीएस (जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल) ही १५ ‘हो-नाही’ प्रश्नांची प्रश्नावली वाटून ज्येष्ठांमधलं नैराश्य मोजायचं, ही योजना चांगली आहे. पण नमुना तिथेच घसरतो. केंद्रावर येतो तो चालता-फिरता, चार माणसांत मिसळणारा. गुडघ्यांमुळे घरात अडकलेले सुटतात, आकडा कमी येतो. सोसायट्यांच्या याद्यांवरून घरं निवडा.

गुण देताना हमखास घोळ होतो. प्रश्न १, ५, ७, ११ आणि १३ समाधान-उत्साहाबद्दल आहेत, त्यांना ‘नाही’ म्हटलं की एक गुण, उरलेल्या दहांना ‘हो’ म्हटलं की. सरसकट ‘हो’ मोजलेत तर आनंदी आजी नैराश्यात दिसतील! ५ किंवा जास्त गुण म्हणजे निदान नव्हे, पुढच्या तपासणीची गरज.

प्रश्न ९ बाहेर जाण्यापेक्षा घरी राहावंसं वाटतं का, असा आहे. जुलैच्या पावसात किंवा लिफ्ट बंद असताना त्याचं ‘हो’ मनाबद्दल फारसं सांगत नाही. तारीख आणि परिस्थिती नोंदवा. प्रश्न मोठ्याने वाचा, पण सून-मुलगा खोलीत नकोत. ‘असहाय वाटतं का’ याचं खरं उत्तर त्यांच्यासमोर कोण देईल?

स्मृतिभ्रंश बराच वाढलेला असेल तर ही उत्तरं भरवशाची नाहीत, म्हणून स्मरणशक्तीची चाचणी आधी. तीही शाळा न शिकलेल्यांना चालेल अशी.

आणखी एक, या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्नच नाही. तो वेगळा विचारा आणि उत्तर ‘हो’ आलं तर त्याच दिवशी कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, हे आधी ठरवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक प्रत्येक घरी ठेवून या.