शिवलेल्या जहाजाची प्रतिकृती : प्रमाण कोणते घ्यावे?

प्रश्न (फोंडा) : नौदलाच्या ‘कौंडिण्य’ या गोव्यात बांधलेल्या शिवलेल्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करण्याचा माझा विचार आहे. जहाज सुमारे १९.६ मीटर लांब असल्यामुळे १:५० प्रमाणात ते ३९ सेंटिमीटर भरते. परंतु एवढ्या लहान आकारात फळ्यांची शिवण खरी दाखवता येईल का?

उत्तर (म्हापसा) : माझ्या मते नाही. खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने जोडलेल्या फळ्या हाच या जहाजाचा प्राण असल्याने १:२४ प्रमाण घ्यावे. लांबी ८२ सेंटिमीटर होते, तेव्हा कपाट आधी मोजावे (मी मोजले नव्हते). अर्ध्या मिलिमीटरची छिद्रे पाडून चहाच्या पाण्यात रंगवलेला सुती दोरा ओवला, तर तो काथ्यासारखा दिसतो.

उत्तर (मडगाव) : या जहाजाचा आधार अजिंठ्याचे पाचव्या शतकातील भित्तिचित्र असल्याने त्याला चौकोनी शिडे आणि दिशा देणारी वल्ही आहेत, आधुनिक सुकाणू लावू नये. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून शिवण्यापूर्वी फळ्यांना दोन्ही बाजूंनी सीलर द्यावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. १:२४ ठरले, कपाटाचे मात्र घरी विचारावे लागेल.