चित्रकार्डांमुळे मुलाचे बोलणे मागे पडेल का?

प्रश्न:
माझ्या चार वर्षांच्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाले आहे. तो अद्याप बोलत नाही. तहान लागली की माझा हात धरून ओट्यापाशी नेतो आणि मला उमजले नाही तर जमिनीवर डोके आपटतो. वाचा-उपचारतज्ज्ञांनी चित्रकार्डे सुचवली आहेत, परंतु त्यांची सवय लागली तर तो बोलण्याचा प्रयत्नच सोडेल, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
ताई, ही भीती स्वाभाविक असली तरी निराधार आहे. कार्डांमुळे बोलणे खुंटत नाही, उलट काही मुले त्यानंतर शब्द उच्चारू लागतात. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केलेल्या, चित्रकार्ड देऊन हवी ती वस्तू मागण्याच्या पद्धतीत (PECS) सुरुवातीला मुलाला काहीही म्हणायला लावत नाहीत. एक जण समोर बसून कार्ड घेतो आणि वस्तू लगेच देतो, तर दुसरा मागून मुलाचा हात पुढे नेतो, मात्र स्वतः एक शब्दही बोलत नाही. हा नियम घरी हमखास मोडला जातो, म्हणून सासूबाईंनाच मागे बसवावे, म्हणजे त्यांनाही फरक दिसेल.

उत्तर २:
कार्ड हातात पडताच आपण ‘पाणी’ असे स्पष्ट म्हणावे, पण त्याने म्हणावे म्हणून पेला अडवून धरू नये. कार्डे त्याच्या हाताला येतील अशा उंचीवर लावावीत.

उत्तर ३:
श्रवणचाचणी झाली नसल्यास ती आधी करून घ्यावी. शिवाय डोके आपटण्यामागे कान किंवा दात दुखणेही असू शकते, तेव्हा बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.