कॉपीच्या चौकशीला सोबत कुणाला न्यावं?

प्रश्न (खानापूर): भावावर परीक्षेत कॉपीचा आरोप आहे. नोटीस कन्नडमधून, उत्तराला तीन दिवस. चौकशीत सोबत कुणी बसू शकतं का?

उत्तर: वकिलाचा हक्क आपोआप मिळत नाही, समितीची परवानगी लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रार समितीपुढे तर २०१३च्या नियमांनुसार वकील चालतच नाही. विश्वासातले प्राध्यापक किंवा पालक सोबत हवेत, असा लेखी अर्ज आजच द्या. शिक्क्याची पोच घ्या.

उत्तर: त्याच अर्जात जप्त चिठ्ठी आणि पर्यवेक्षकाच्या अहवालाची प्रत मागा. सोबत्यानं उत्तरं द्यायची नसतात. मुद्दे टिपायचे, पोरगं गडबडलं की थोडा वेळ मागायचा. मध्येच भांडला तर बाहेर काढतात.

उत्तर: कन्नड जबाबावर न समजता सही? अजिबात नको दादा! मराठीत समजावून घ्या, तसं खाली लिहा, मगच सही.