लिनक्सचं रूट पार्टिशन भरत आलंय, डाटा न घालवता मोठं कसं करायचं?

अर्धविराम:
मंडळी, मदत हवी आहे. ५१२ जीबीची एसएसडी, त्यावर विंडोज आणि लिनक्स मिंट दोन्ही. मिंट टाकताना रूटला (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) ४० जीबी दिले, होम (माझ्या फाइल्सचं फोल्डर) पण त्यातच आहे, आणि आता अपडेट करायला गेलं की जागा नाही म्हणतंय. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह १०० जीबीने कमी केला, विंडोज व्यवस्थित चालतंय. पण जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या प्रोग्राममध्ये बघितलं तर आधी ईएफआय (बूटचं छोटं पार्टिशन), मग सी, मग ही १०० जीबी मोकळी जागा, मग विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन, त्यानंतर मिंटचं रूट (ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची लिनक्सची पद्धत) आणि शेवटी ८ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) असं दिसतंय. रूटसमोर कुलूप आहे आणि ते ओढून मोठं होतच नाही. सगळी कामाची फाइल्स त्यातच आहेत त्यामुळे अंदाजाने काही करायचं नाहीये.

मोकळाब्लॉक:
कुलूप म्हणजे ते पार्टिशन आत्ता माउंट (सिस्टिमला जोडलेलं, वापरात) आहे, त्याच सिस्टिममध्ये बसून रूट सरकवता येत नाही. मिंटच्याच लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं मिंट) बूट करा आणि तिथून जीपार्टेड उघडा. आधी रिकव्हरी डावीकडे सरकवायचं, म्हणजे मोकळी जागा रूटला चिकटून येईल, मग रूटची डावी कड ओढायची आणि अप्लाय. बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका, चार्जर लावलेला असू दे, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही) बंद करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा.

सेक्टर२०४८:
वरचा मार्ग चालतो, पण या केसमध्ये मी तो अजिबात सुचवणार नाही, कारण पार्टिशन उजवीकडे वाढवणं आणि डावीकडे वाढवणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलसिस्टिम आपले ब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजते. मोकळी जागा उजवीकडे असेल तर पार्टिशन टेबलमधला (कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं, कुठे संपतं याची नोंद) शेवटचा आकडा बदलतो, रिसाइझटूएफएस ही कमांड पुढे नवे ब्लॉक जोडते, जुना डाटा जागचा हलत नाही. ईएक्सटी४ तर माउंट असतानाही असं वाढतं. पण जागा डावीकडे असली की सुरुवातच बदलते, म्हणजे सगळा डाटा उचलून नव्या ठिकाणी न्यावा लागतो, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर अर्धा डाटा इकडे अर्धा तिकडे, त्यातून काही परत मिळवणं महाकठीण. शिवाय रिकव्हरी सरकवल्यावर विंडोजला ते सापडेलच याची खात्री नाही.

मी म्हणेन रूटला हातच लावू नका. त्या १०० जीबीत नवं ईएक्सटी४ पार्टिशन बनवा आणि होम तिकडे न्या. एनटीएफएस किंवा एक्सफॅट (विंडोजकडच्या फाइलसिस्टिम) नको, होमला लिनक्सच्या परवानग्या लागतात. लाइव्ह यूएसबीवरून दोन्ही पार्टिशन माउंट करून आरसिंक या कमांडने कॉपी करा, त्यात छोटा ए आणि कॅपिटल ए, एक्स, एच हे ऑप्शन द्या म्हणजे मालकी, परवानग्या, हार्डलिंक सगळं जसंच्या तसं येतं. मग मिंटच्या एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं ती फाइल) नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) टाकून होमची ओळ लिहा. जुन्या होमचं फक्त नाव बदला आणि होम या मूळ नावाचं रिकामं फोल्डर माउंटसाठी ठेवा. रीबूट करून सगळं दिसतंय, प्रोग्राम चालतायत अशी खात्री पटली, काही दिवस वापरलं, की मगच जुनं उडवा, रूटमधली जागा तेव्हाच मोकळी होणार. यात प्रत्येक पायरीला मागे फिरता येतं, सरकवण्यात ते नाही.

आणि काहीही करण्याआधी एसएफडिस्क या कमांडने पार्टिशन टेबलचा डंप (प्रत) काढून पेनड्राइव्हवर ठेवा. चार ओळींची टेक्स्ट फाइल असते पण टेबल बिघडलं तर तीच वाचवते. अर्थात तो डाटाचा बॅकअप नव्हे, तो वेगळा घ्यायलाच हवा.

लॉगवाचक:
एक आधी बघून घ्या, ४० जीबी खरंच होमने खाल्लेत का? मिंटमध्ये टाइमशिफ्टचे (सिस्टिम जुन्या स्थितीत परत आणणारं साधन) स्नॅपशॉट बऱ्याचदा रूटवरच साठत जातात आणि लोक पार्टिशनला दोष देत बसतात. डीयू ही कमांड चालवून कुठलं फोल्डर किती मोठं आहे ते काढा, जर्नलचे (सिस्टिमच्या नोंदींचे) जुने लॉग, फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीचे न वापरलेले रनटाइम पण बघा. बाकी सेक्टर यांचंच बरोबर. एलव्हीएम (डिस्कचे तुकडे एका ग्रुपमध्ये जोडून त्यातून लवचीक व्हॉल्यूम बनवायची सोय) असतं तर हा प्रश्नच नव्हता, नवी जागा डिस्कवर कुठेही असली तरी ग्रुपमध्ये जोडून लॉजिकल व्हॉल्यूम वाढवता येतो. आणि पुढे कधी एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम निवडलंत तर लक्षात असू दे, ते वाढतं पण कमी करता येत नाही.

अर्धविराम:
खूप आभार. डीयूने बघितलं, टाइमशिफ्टने बरीच जागा घेतली होती, जुने स्नॅपशॉट काढले, पण होमपण मोठंच निघालं म्हणून ते नव्या पार्टिशनवर नेलं. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊन मगच सुरू केलं. रीबूट झालं, सगळं जागेवर आहे, जुनं होम अजून ठेवलंय. फक्त एक, १०० जीबीचं पार्टिशन केलं पण वापरायला जागा बरीच कमी दाखवतंय, हे काय? आणि पुढे लागलं तर हे होम वाढवता येईल ना?

सेक्टर२०४८:
मस्त झालं. ईएक्सटी४ बनवताना ५ टक्के ब्लॉक रूट युजरसाठी (सिस्टिमचा ॲडमिन, रूट पार्टिशन नव्हे) राखून ठेवतं, तुमच्या १०० जीबीत ते ५ जीबी होतात. सिस्टिमच्या पार्टिशनवर ते असावेत, नुसत्या होमसाठी एवढे लागत नाहीत, ट्यूनटूएफएस या कमांडने १ टक्का केलेत तरी चालेल, डाटाला काही होत नाही. थोडी जागा फाइलसिस्टिमच्या स्वतःच्या हिशेबात जाते, ती जाणारच.

वाढवण्याचं म्हणाल तर होमच्या उजवीकडे लगेच रिकव्हरी आहे, आणि उद्या सी अजून कमी केलात तर मोकळी जागा होमच्या डावीकडे येईल, म्हणजे परत तोच सरकवायचा प्रश्न. त्यामुळे सी मधून अजून काही काढायचं मनात असेल तर आत्ताच काढा, जुनं होम अजून शाबूत आहे तोवर. नवं पार्टिशन पुसून मोठं बनवायचं आणि पुन्हा कॉपी करायची. यूयूआयडी नवा येईल, तो एफएसटॅबमध्ये बदलायला विसरू नका, आणि या दिवसांत नव्या होममध्ये ज्या फाइल्स तयार केल्यात त्या पुसण्याआधी बाहेरच्या डिस्कवर घ्या.