ग्लोव्हज न बदलता सगळे पेशंट, वरून सॅनिटायझर, चालतं का?

फोंड्याची_सिस्टर
नमस्कार, फोंड्याजवळ एका छोट्या नर्सिंग होममध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सकाळी एकदा ग्लोव्हज चढवले की तेच घालून बीपी, सलाईन, ड्रेसिंग सगळं करतात, मध्ये फार तर ग्लोव्हजवरच सॅनिटायझर चोळतात. मला पटत नाही, पण बोलले की ग्लोव्हज आहेत ना मग कसली भीती म्हणतात. आता पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोचे (उंदरांच्या लघवीतून होणारा लेप्टोस्पायरोसिस ताप) पेशंट, वॉर्ड फुल्ल. खरंच चालतं का असं? आणि सांगू कसं, मी सगळ्यांत ज्युनियर.

म्हापशेकर
अजिबात नाही ताई. त्यात सांभाळला जातो फक्त स्टाफ, एका जखमेवरचे जंतू सरळ पुढच्या बेडवर जातात. पेशंट बदलला की ग्लोव्हज बदला, एकाच पेशंटचं ड्रेसिंग करून आयव्ही लाईनला (शिरेतल्या सलाईनच्या नळीला) हात लावायचा असेल तरी बदला, काढलेले लाल पिशवीत. ग्लोव्हजला डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात म्हणून काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच. हँडरब, म्हणजे अल्कोहोलचं सॅनिटायझर, 20 ते 30 सेकंद चोळायचं, हात सुकेपर्यंत. हाताला रक्त-घाण दिसत असेल तर साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूच्या जुलाबालाही साबणच, त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

डिचोलीची_मेट्रन
बाय, गप्प बसू नको, पण सीनियरला पेशंटसमोर टोकू पण नको, इन्चार्जशी वेगळं बोल. डब्ल्यूएचओचं हात स्वच्छ करायच्या पाच वेळांचं पोस्टर वॉर्डात लावून घे: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर, आणि त्याच्या बेड, लॉकरला हात लावल्यावर. हे शेवटचं सगळे विसरतात, पेशंटला कुठे हात लावला नुसता स्टँड सरकवला म्हणतात. आणि बेसिन वॉर्डाच्या टोकाला असेल तर दर पेशंटमागे तिथपर्यंत कोण जाणार गं, प्रत्येक बेडला हँडरबची बाटली हवी, तेवढं मात्र भांडून घे.

फोंड्याची_सिस्टर
थँक्यू मॅडम, बोलते. पण बीपीला पण दर वेळी नवीन जोडी? खर्चाचं कारण लगेच पुढे येणार.

म्हापशेकर
कातडी धड असेल तर बीपी, ताप, नाडीला ग्लोव्हज लागतच नाहीत, हात स्वच्छ केले की झालं. डेंग्यू डासाने पसरतो, लेप्टो माणसाकडून माणसाला फार क्वचित होतो, नुसत्या स्पर्शाला घाबरायचं कारण नाही. रक्त काढताना, लघवीची पिशवी रिकामी करताना मात्र हवेतच. बीपीच्या जोड्या वाचल्या तर ड्रेसिंगला आपोआप पुरतील, इन्चार्जना हेच आधी सांगा.