समेट, सलोखा की आणखी काही?

कोरा_कागद
मंडळी, अडलंय. आमच्या चर्चच्या मासिकासाठी शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल वस्तीवरचा लेख मराठीत करतेय. काळ्या-गोऱ्या ख्रिस्ती लोकांनी तिथं एकत्र चालवलेल्या सेवेबद्दल आहे. ‘रेशल रिकन्सिलिएशन’ला मी ‘वांशिक समेट’ लिहिलं. संपादक म्हणतात, समेट तंटामुक्ती समितीत होतो, ‘सलोखा’ करा. पण करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात चक्क ‘समेटाची सेवा’ आहे! शिवाय ‘चेंजिंग नेबरहुड’ला ‘बदलती वस्ती’ फार गुळमुळीत वाटतंय.

शुद्धमती
सलोखा अरबी वळणाचा. बखरींत ‘सलूख’ येतो तोच. ‘दिलजमाई’ही तिकडचीच, मूळ अर्थ मनाची खात्री, स्वस्थता. आपल्याकडे ‘मनोमीलन’ असताना उसनवारी कशाला?

आगाऊ_कार्टं
मनोमीलन निवडणुकीच्या तोंडावर होतं आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी संपतं. चर्चला नको.

नगरवाली
समेटच ठेवा. लहानपणापासून पाळकसाहेबांच्या तोंडून तोच ऐकलाय. पण एक सांगते. आमच्या आजोबांचा बांध शेजारच्यांनी दरसाल थोडा थोडा कोरला. दोन्ही घरं एकाच मंडळीतली, म्हणजे एकाच चर्चची, एका बाकावर बसणारी, बोलणं बंद. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दोघांना ओट्यावर बसवलं, प्रार्थना केली, चहा पाजला. झाला समेट. आजी मरेपर्यंत म्हणायची, “समेट झाला गं बाई, बांध काय मागं सरकला नाही.”

शिकागोतली_काकू
नगरवाली, तुमच्या आजींना लॉनडेल न सांगता कळलं असतं. ‘चेंजिंग’ हा तिथला सांकेतिक शब्द. वस्ती बदलतेय म्हणजे काळी कुटुंबं येताहेत, गोऱ्यांनो विका आणि निघा. 1950 मध्ये लॉनडेलमध्ये काळे शेकडा 13 होते, 1960 मध्ये 91. दहा वर्षांत! आपल्याकडे घर दाखवताना एजंट आवाज उतरवून म्हणतो ना, “तिकडचं वातावरण बदललंय हो”? तेच ते.

घाबरलेल्या गोऱ्यांकडून दलाल पडेल भावात घर घ्यायचे आणि काळ्या कुटुंबाला कधी कधी दुपटीने विकायचे. सरकारी नकाशांवर अशा वस्त्या लाल रंगवलेल्या, त्यामुळे बँक कर्ज देईना. मग विक्री हप्त्यांच्या करारावर. आपल्या भाषेत साठेखतच समजा, खरेदीखत शेवटचा हप्ता फिटल्यावर. एखादा हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही.

कोरा_कागद
लेखात हे दोन ओळींत उरकलंय. चर्चचं काय?

शिकागोतली_काकू
आधी तिथं ज्यूंची मोठी वस्ती. ते गेले, त्यांच्या सिनेगॉगांची, म्हणजे प्रार्थनामंदिरांची, चर्च झाली. स्टोन टेम्पल बाप्टिस्ट चर्चच्या इमारतीवर दाविदाचा तारा, ज्यूंची खूण, अजून आहे. 1966 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग त्याच वस्तीत भाड्याने राहायला आले. 1968 मध्ये जॅक मॅकनमारा हा जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) विद्यार्थी आणि तिथले रहिवासी यांनी मिळून करारवाल्या घरमालकांची संघटना उभी केली. त्यांनी हप्ते रोखून धरले. पोलिसांनी सामान रस्त्यावर काढलं की बाकीचे लोक तेच सामान उचलून परत घरात ठेवायचे. अनेकांचे करार नव्याने झाले, कोर्टातले मोठे दावे मात्र हरले. आता याला ‘सलोखा’ म्हणा!

शुद्धमती
भावना पोचल्या. पण ‘वांशिक’ तरी बरोबर आहे का? ‘वर्ण’ म्हणायला हवं. वर्णद्वेष, वर्णभेद हे रूढच आहेत.

भीमथडी
वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं, आणि ते आठवलं तर बिघडलं कुठं? जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांनाच. माझा आक्षेप समेटावर आहे. समेट बरोबरीच्या दोघांत होतो. इथं एकाने लुटलं, दुसरा लुटला गेला. आणि ‘रि’ म्हणजे पुन्हा ना? आधी कधी गोडी होती, म्हणून ‘पुन्हा’?

नगरवाली
देवाशी समेट होतो तो कुठं बरोबरीचा असतो? बायबलातला अर्थ निराळा. तो तुमच्या तंटामुक्तीत कोंबू नका.

भीमथडी
देवाने आपला बांध कोरला नव्हता, ताई.

कोरा_कागद
लेखात जॉन पर्किन्स यांचं सूत्रही आहे. मिसिसिपीचे काळे पाळक, 1970 मध्ये ब्रँडनच्या तुरुंगात त्यांना बेदम मारलं होतं. ते तीन गोष्टी सांगतात: वस्तीत जाऊन राहणं, समेट, आणि पुनर्वाटप. इंग्रजीत तिन्ही शब्द ‘र’ने सुरू होतात, मराठीत यमक मोडतं.

भीमथडी
यमक गेलं खड्ड्यात. तिसरा शब्द शीर्षकात घ्या. मासिकं नेहमी मधलाच उचलतात, कारण तो फुकट असतो.

आगाऊ_कार्टं
अवांतर: महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये ‘सलोखा योजना’ आणली. एकाच्या जमिनीचा ताबा दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचा पहिल्याकडे असेल, तर मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 भरून अदलाबदल. म्हणजे सरकारदरबारी सलोख्यात तरी जमिनीचा कागद बदलतो!

नगरवाली
आजोबांच्या वेळी हवी होती की.

शुद्धमती
आजोबांचा बांध एकतर्फी कोरलेला, त्यात अदलाबदल कसली? ते असो, वर ‘साठेखत’ लिहिलंय, ते ‘साटेखत’ हवं. साटं म्हणजे सौदा, त्यावरूनच साटेलोटे.

शिकागोतली_काकू
माझ्या वडिलांच्या कपाटातल्या स्टँपपेपरवर ‘साठेखत’ आहे. वकिलाने टाइप केलेलं.

शुद्धमती
वकिलांचं शुद्धलेखन कधीपासून प्रमाण झालं?

कोरा_कागद
संपादकांचा फोन आला. ‘सलोखा’ करून अंक छापायला दिलाय.

आगाऊ_कार्टं
साठे आडनाव त्याच साट्यावरून का हो?