कोळशाच्या वाघिणी आणि एल्फांची भाषा

इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की मिडल-अर्थ या काल्पनिक जगाचा उगम म्हणजे परीक्षेचे पेपर तपासताना त्याचे लेखक टॉल्किन यांना मिळालेलं कोरं पान आणि त्यावर खरडलेली त्यांच्या 'हॉबिट' कादंबरीची पहिली ओळ. हॉबिटपुरतं ते खरं आहे, पण ते जग त्याच्या कितीतरी आधीचं. त्या जगातल्या गोंडोलिन या एल्फांच्या नगरीच्या पाडावाची कथा त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून आजारी होऊन परतल्यावर, १९१६-१७ च्या सुमारास लिहिली.

भाषांचा मुद्दा मात्र इथे अजून आलेलाच नाही, आणि मला तर खरं मूळ तिथेच दिसतं. लहानपणी बर्मिंगहॅमच्या किंग्ज हीथमध्ये त्यांचं घर रेल्वेला लागून होतं. कोळशाच्या वाघिणींवर वेल्समधल्या गावांची नावं रंगवलेली असत: नँटीग्लो, सेंघेनिद. उच्चार कसा करायचा हेही त्या पोराला ठाऊक नव्हतं, पण ती अक्षरं मनात रुतून बसली. पुढे मिडल-अर्थमधल्या एल्फांची सिंदारिन भाषा त्यांनी वेल्शच्याच वळणावर घडवली. वेल्शमध्ये एक किल्ला 'कास्तेल', अनेक किल्ले 'केस्तिल'. सिंदारिनमध्ये एक माणूस 'अदान', अनेक माणसं 'एदाइन'. शब्दाच्या पोटातला स्वर बदलला की अनेकवचन! मिनास तिरिथ, एमिन मुइल ही मिडल-अर्थमधल्या ठिकाणांची सिंदारिन नावं मोठ्यानं म्हणून बघा. मला तरी दरवेळी त्या वाघिणी दिसतात.